पॅसिव्ह रडारचा पाच चॅनेलचा संच: सहा आठवड्यांच्या वापरानंतर

या संचाच्या खोक्यावर रडारपासून लपणाऱ्या स्टेल्थ विमानाची काळी आकृती छापलेली आहे आणि इतर रडारना जे दिसत नाही तेही हा संच टिपतो, अशा अर्थाचे वाक्य तिच्याखाली आहे. खोके उघडल्यावर हाती येते ती जाडजूड पुस्तकाएवढी अॅल्युमिनियमची पेटी, सारख्या लांबीच्या पाच केबल, घडीच्या पाच अँटेना आणि १०.५ गिगाहर्ट्झवर चालणारे, काडेपेटीपेक्षा थोडे मोठे असे एक डॉप्लर मॉड्यूल, म्हणजे स्वतः लहरी सोडून हलती वस्तू टिपणारे छोटे रडार. पेटीत एकाच घड्याळावर चालणारे पाच रिसीव्हर आहेत. प्रत्येक रिसीव्हर एका वेळी २.४ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ८ बिटांत मोजतो आणि पुढची सारी आकडेमोड जोडलेला संगणक करतो. निर्मात्याचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण या वर्गातल्या बहुतेक संचांत मूळच्या दूरदर्शन रिसीव्हरसाठी बनवलेल्या त्याच स्वस्त चिप असतात आणि पुढे नोंदवलेले गुणदोष थोड्याफार फरकाने त्या सर्वांनाच लागू पडतात.

ज्याला ही कल्पना नवी आहे त्याचा पहिला प्रश्न असा असतो की ही पेटी स्वतः काहीच प्रक्षेपित करत नसेल, तर हिला रडार का म्हणायचे. त्याचे उत्तर रडारच्या जन्मकथेतच आहे. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडमधील डॅव्हेंट्रीजवळ रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी जे प्रात्यक्षिक दाखवले, त्यात त्यांचा स्वतःचा ट्रान्समीटर नव्हताच. बीबीसीच्या ४९ मीटर तरंगलांबीच्या प्रक्षेपणात हेफर्ड जातीचे बॉम्बफेकी विमान फिरत होते आणि थेट येणाऱ्या लहरींशी त्याच्या अंगावरून परतलेल्या लहरींची होणारी झटापट शेतात ठेवलेल्या पडद्यावर हलताना दिसत होती. विमान सुमारे १३ किलोमीटर दूर जाईपर्यंत ते दिसले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने तर ‘क्लाइन हायडेलबर्ग’ या यंत्रणेद्वारे ब्रिटिशांच्याच चेन होम रडारांच्या लहरी वापरून ब्रिटिश विमानांचा माग काढला. या पेटीचे तत्त्व तेच आहे. एक अँटेना रेडिओ केंद्राच्या मनोऱ्याकडे तोंड करून मूळ प्रक्षेपण ऐकते, उरलेल्या चार आकाशाकडे लावलेल्या असतात आणि त्या चारांत मूळ प्रक्षेपणाची उशिरा आलेली, किंचित सूर बदललेली नक्कल शोधायची असते. उशीर किती यावरून अंतर कळते आणि सूर किती बदलला यावरून वेग. सुराच्या या बदलालाच डॉप्लर म्हणतात.

ऐकायला सोपे वाटणारे हे काम किती अवघड आहे, याची कल्पना एका आकड्यावरून यावी. मनोरा ३० किलोमीटरवर आहे, विमान मनोऱ्यापासून २० आणि आपल्यापासून १५ किलोमीटरवर आहे आणि त्याचे रडार क्रॉस-सेक्शन, म्हणजे रडारला ते जेवढ्या आकाराचे भासते तो आकार, २० चौरस मीटर आहे असे धरले, तर त्याचा प्रतिध्वनी थेट येणाऱ्या प्रक्षेपणापेक्षा सुमारे सहा कोटी पटींनी क्षीण असतो. डेसिबलमध्ये सांगायचे तर हा फरक ७८ आहे आणि ८ बिटांची मोजणी जेमतेम ५० डेसिबलचा पल्ला पेलते. उरलेली तूट सेकंदभराचे नमुने एकत्र जुळवून भरून काढावी लागते आणि त्याआधी थेट प्रक्षेपण जमेल तेवढे पुसून टाकावे लागते. संचाचे सॉफ्टवेअर हे पुसण्याचे काम बऱ्यापैकी करते, परंतु खरा फरक पडतो तो अँटेना कुठे बसवली यामुळे. पहिले चार दिवस माझ्या पडद्यावर मधोमध एका जाड पांढऱ्या रेघेशिवाय काहीही नव्हते. आकाशाकडच्या अँटेना जिन्याच्या खोलीच्या भिंतीआड, मनोरा दिसणार नाही अशा बाजूला हलवल्या आणि त्याच संध्याकाळी पहिले विमान दिसले. एक फिकट ठिपका पडद्याच्या वरच्या भागात उगवला, वीसेक सेकंदांत शून्य डॉप्लरच्या रेषेकडे सरकला, ती ओलांडून खाली गेला आणि विरला. कोठीच्या खोलीतून कोणी हळूच डोकावून जावे, तसे ते होते. माहितीपुस्तिकेत अँटेनांच्या जागेविषयी दोनच ओळी आहेत. खरे तर दहा पाने हवी होती.

एफएम रेडिओवर हा संच चालवताना जी गोष्ट मला सर्वांत रंजक वाटली, ती कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाही. रडारची अंतर ओळखण्याची बारीक नजर प्रक्षेपणाच्या रुंदीवर अवलंबून असते आणि एफएममध्ये ही रुंदी त्या क्षणी केंद्रावर काय चालले आहे यावर ठरते. ताल आणि वाद्यांचा भरणा असलेले संगीत चालू असेल, तर साधारण ५० किलोहर्ट्झची रुंदी मिळते आणि मनोरा, विमान, अँटेना या एकूण मार्गातला ६ किलोमीटरचा फरक ओळखता येतो. बातम्या सुरू झाल्या की ठिपका आडवा पसरतो, आणि निवेदकाने लांब विराम घेतला की तो इतका पसरट होतो की विमान नेमके कुठे आहे हे सांगणे अशक्य व्हावे. कानाला हेडफोन आणि डोळे पडद्यावर ठेवून बसले असता ढोलकीच्या थापेसरशी ठिपका आवळताना आणि बोलण्याच्या ओघात सैल होताना प्रत्यक्ष दिसतो. मी या प्रयोगासाठी अनेकांना बोलावून बसवले आणि प्रत्येकाला रडार म्हणजे काय हे त्या पाच मिनिटांत जितके उमगले, तितके माझ्या तासभराच्या बोलण्याने उमगले नसते. डिजिटल दूरदर्शनचे प्रक्षेपण कार्यक्रमानुसार बदलत नाही. तिथे संचाची पूर्ण २.४ मेगाहर्ट्झ रुंदी वापरता येते आणि मार्गातला १२५ मीटरचा फरकही ओळखता येतो, मात्र पल्ला कमी पडतो. माझ्या छपरावरून एफएमवर मोठी प्रवासी विमाने ४० ते ४५ किलोमीटरपर्यंत दिसली. दूरदर्शनवर ती निम्म्या अंतरातच हरवत.

आता खोक्यावरच्या काळ्या आकृतीकडे वळायला हरकत नाही. स्टेल्थ म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी सोबत दिलेले ते छोटे डॉप्लर मॉड्यूलच अधिक उपयोगी पडले. ३० सेंटीमीटर चौरस असा सपाट अॅल्युमिनियमचा पत्रा चाकांच्या खुर्चीवर उभा बांधून मी तो आठ मीटर अंतरावर मॉड्यूलच्या दिशेने हळूहळू ढकलवून घेतला. या वारंवारतेची तरंगलांबी २.८५ सेंटीमीटर आहे आणि अगदी समोरासमोर धरलेला एवढासा पत्रा तिला सुमारे १२५ चौरस मीटरचा भासतो, म्हणजे हातात मावणारा पत्रा रडारच्या दृष्टीने एखाद्या मोठ्या विमानाहूनही मोठा ठरतो. संगणकावरचा काटा त्याप्रमाणे उसळला. मग पत्र्याची वरची कड मागे कलवून तो तीनच अंश तिरका केला आणि खुर्ची पुन्हा ढकलली, तर काटा मोकळ्या खुर्चीच्या पातळीवर बसून राहिला. पत्र्याने ऊर्जा गिळली नव्हती. ती छताकडे भिरकावली होती, एवढेच.

या तीन अंशांतच स्टेल्थचा निम्मा इतिहास आहे. कडांवरून लहरी कशा विखुरतात याचे गणित सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या देशाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही आणि अमेरिकेत लॉकहीड या विमान कंपनीतील डेनिस ओव्हरहोल्सर यांनी ते १९७० च्या दशकात संगणकाला जुंपले. त्या काळच्या संगणकांना वक्र पृष्ठांचा हिशेब झेपत नसल्यामुळे १९७७ मध्ये उडालेले प्रायोगिक ‘हॅव ब्लू’ आणि १९८१ मध्ये उडालेले एफ-११७ ही विमाने पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखी सपाट तुकड्यांची झाली. पुढे संगणक वाढले आणि १९८९ मध्ये उडालेल्या बी-२ ला गुळगुळीत वक्र अंग मिळाले. शोषक लेपांचा वाटा आकारापुढे दुय्यम. यातून मिळणारा लाभ मोठा असला तरी तो अमर्याद नाही, कारण नेहमीच्या रडारमध्ये पल्ला रडार क्रॉस-सेक्शनच्या चौथ्या मुळाप्रमाणे बदलतो. क्रॉस-सेक्शन सोळा पटींनी घटवले तर पल्ला केवळ निम्मा होतो, आणि तो दहाव्या हिश्श्यावर आणायचा असेल तर क्रॉस-सेक्शन दहा हजार पटींनी घटवावे लागते. म्हणजे ४०० किलोमीटरवरून दिसणारे विमान तेव्हा ४० किलोमीटरवरून दिसेल. ते दिसणार मात्र नक्की, आणि उरलेल्या ३६० किलोमीटरांत रडारांच्या जाळ्यात पडलेल्या भोकांतून वाट काढणे हा सगळा डाव असतो.

खोक्यावरच्या दाव्याला भौतिकशास्त्राचा आधार आहे, हे इथे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. वर सांगितलेला तिरकेपणा सेंटीमीटरच्या लहरींना फसवतो. एफएमची तरंगलांबी सुमारे ३ मीटर असते आणि शेपटीचे पंख, पंखांची टोके यांसारखे भाग तिच्याच मापाचे असल्यामुळे पृष्ठाचा कोन गौण ठरून तो भाग सबंधच लहरींना प्रतिसाद देऊ लागतो. काही मिलिमीटर जाडीचा लेप ३ मीटरच्या लहरीला शोषू शकत नाही. शिवाय ट्रान्समीटर एकीकडे आणि रिसीव्हर दुसरीकडे असला की जी ऊर्जा विमानाने मूळ रडारपासून दूर फेकलेली असते, तिच्या वाटेत आपण बसलेले असू शकतो. विमान मनोरा आणि रिसीव्हर यांना जोडणाऱ्या रेषेवर आले तर त्याची लहरींमधली सावलीच प्रतिध्वनीसारखी वागते. ती केवळ बाह्याकृतीच्या क्षेत्रफळावर ठरते आणि कोणताही लेप तिला पुसू शकत नाही. गंमत अशी की नेमक्या त्याच रेषेवर उशीर आणि डॉप्लर दोन्ही जवळपास शून्य होतात, त्यामुळे काहीतरी आले आहे हे कळते पण कुठे आहे हे कळत नाही.

‘काहीतरी आले आहे’ आणि ‘ते अमुक ठिकाणी आहे’ यांतले अंतर हाच या संचाच्या परीक्षणाचा गाभा आहे. २७ मार्च १९९९ च्या रात्री सर्बियातील बुजानोव्त्सी गावाजवळ एफ-११७ पाडले गेले, त्या घटनेचा दाखला अशा संचांच्या जाहिरातीत हमखास दिला जातो. ते पाडणाऱ्या झोल्तान दानी यांच्या तुकडीकडे पी-१८ हे सुमारे २ मीटर तरंगलांबीचे जुने सोव्हिएत रडार होते आणि विमान त्यावर दिसले, इथपर्यंत दाखला बरोबर आहे. परंतु त्या रडारने क्षेपणास्त्र नेले नाही. त्याने एस-१२५ या क्षेपणास्त्र यंत्रणेच्या सेंटीमीटर लहरींवर चालणाऱ्या मार्गदर्शन रडारला कोणत्या दिशेला पाहायचे एवढे सांगितले, आणि विमान इतके जवळ आलेले होते की त्या दुसऱ्या रडारलाही ते पकडता आले. विमाने ठरलेल्या वाटांनी ये-जा करत होती, ही बाबही दानींच्या पथ्यावर पडली. तिथले श्रेय एकट्या लांब लहरींचे नव्हते. कुठे पाहायचे हे आधीच ठाऊक असण्याला त्यात मोठा वाटा होता.

माझ्या पेटीची हीच बाजू लंगडी आहे. चार अँटेना ३ मीटरच्या लहरीसाठी दीड-दीड मीटरवर उभ्या केल्या, तरी त्यांचा एकत्रित झोत सुमारे ३० अंश रुंद राहतो आणि ४० किलोमीटरवर ही रुंदी २० किलोमीटर भरते. झोताचे शिखर शोधून अंदाज बराच सुधारता येतो आणि एकाहून अधिक मनोरे वापरले तर आणखी सुधारतो, तथापि उंची तर यातून कळतच नाही. व्यावसायिक यंत्रणा अनेक मनोरे आणि अनेक रिसीव्हर एकत्र गुंफून हा प्रश्न सोडवतात. २०१८ च्या बर्लिन हवाई प्रदर्शनानंतर परत निघालेल्या दोन एफ-३५ स्टेल्थ विमानांचा आपल्या ‘ट्विनव्हिस’ यंत्रणेने १५० किलोमीटरपर्यंत माग काढल्याचे हेन्झोल्ट या जर्मन कंपनीने सांगितले होते. त्या वेळी विमानांचे ट्रान्सपाँडर चालू होते आणि ते स्वतःचा ठावठिकाणा जाहीर करत होते, हा तपशील मात्र पुष्कळ ठिकाणी गाळला जातो. यंत्रणेची कामगिरी त्यामुळे खोटी ठरत नाही, पण अनोळखी विमान हुडकणे आणि ओळखीचे विमान जुळवून पाहणे या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

हा फरक मला घरच्या घरी अनुभवायला मिळाला. संचाचे सॉफ्टवेअर १०९० मेगाहर्ट्झवरची ट्रान्सपाँडरची माहिती घेऊन प्रत्येक विमानाची अपेक्षित जागा पडद्यावर लहान वर्तुळाने दाखवते, आणि ही सोय मुळातच चालू ठेवलेली असते. पहिले दोन आठवडे मी अत्यंत खूश होतो, कारण जवळजवळ प्रत्येक वर्तुळात मला ठिपका दिसत होता. मग वर्तुळे बंद केली, कागदावर वेळ, उशीर आणि डॉप्लर लिहून ठेवला आणि नंतर पडताळून पाहिले. ज्या विमानांविषयी मी शपथ घेतली असती त्यांतली कितीतरी माझ्या कागदावर नव्हतीच, आणि कागदावर असलेल्या काही ठिपक्यांशी कोणतेच विमान जुळत नव्हते. वर्तुळ दिसले की त्याच्या आतला कचराही विमान भासतो. निर्मात्याने ही सोय मुळात बंद ठेवावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. लहान, एका इंजिनाची विमाने तर वर्तुळांशिवाय मला १२ किलोमीटरच्या पलीकडे एकदाही खात्रीने ओळखता आली नाहीत. आमच्या छपरावरून एखादे स्टेल्थ विमान गेले किंवा कसे, हे मला सांगता येणार नाही. आणि गेले असेल तर ते त्याच्या कामात निपुण होते असेच म्हणावे लागेल.

यंत्र म्हणून पेटीची बांधणी भक्कम आहे, पण पंखा नसल्याने ती तापते आणि तापली की पाच रिसीव्हरमधला परस्पर मेळ सरकतो. सॉफ्टवेअर आतल्या आत तो पुन्हा जुळवून घेते. त्या काही सेकंदांत पडदा कोरा असतो, आणि विमान नेमके तेव्हाच जावे हा नियम असावा असे वाटण्याइतके हे माझ्या बाबतीत घडले. सोबतचा वीजपुरवठा दुबळा आहे. संगणक आणि पेटी एकाच अडॅप्टरवर चालवल्यास मधूनच एखादा चॅनेल गळतो आणि दोष कोणता हे सॉफ्टवेअर सांगत नाही. त्याचा उलगडा होण्यात माझे आठ दिवस गेले. विक्रेत्याला लिहिलेल्या पत्राला उत्तर म्हणून माहितीपुस्तिकाच पुन्हा पाठवण्यात आली. केबल मात्र उत्तम प्रतीच्या आहेत आणि त्यांची लांबी खरोखर सारखी आहे.

घेणाऱ्याने कायद्याची बाजूही पाहून ठेवावी. अमेरिकेच्या शस्त्रनिर्यात नियमांच्या यादीत, २ गिगाहर्ट्झपेक्षा कमी वारंवारतेवर आणि १२५ किलोहर्ट्झपेक्षा अधिक रुंदीत, रेडिओ-दूरदर्शनसारख्या परक्या प्रक्षेपणांच्या आधारे लक्ष्य टिपणाऱ्या रडारचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि २०२२ मध्ये अशाच एका मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाने आपला पॅसिव्ह रडारचा भाग याच धास्तीने मागे घेतला. डिजिटल दूरदर्शनची रुंदी या १२५ किलोहर्ट्झच्या बरीच वर जाते. आपल्या देशाचा नियम काय आहे हे विचारूनच हा संच मागवणे शहाणपणाचे ठरेल.

विद्यार्थ्यांना, शिक्षकांना आणि रेडिओच्या हौशी मंडळींना मी हा संच निःसंकोच सुचवेन, आणि पाचपैकी चार गुण देईन. खोक्यावरचे चित्र पाहून घेणाऱ्याला मात्र दोनच गुणांचे समाधान मिळेल. पाचव्या आठवड्यात दूरदर्शनच्या लहरींवर मला एक रेघ दिसू लागली, जिच्याशी ट्रान्सपाँडरच्या यादीतले एकही विमान जुळेना. ती रोज संध्याकाळी साधारण एकाच वेळी यायची, तिचा डॉप्लर संथपणे बदलायचा आणि ती अगदी ठळक असायची. मी तीन संध्याकाळी छपरावर बसून काढल्या. चौथ्या दिवशी नकाशा घेऊन हिशेब केला तेव्हा ध्यानात आले की त्याच वारंवारतेवर तोच कार्यक्रम देणारा दुसरा मनोरा ६० किलोमीटरवर आहे आणि नेहमीचेच एक प्रवासी विमान त्या दुसऱ्या मनोऱ्याच्या उजेडात मला दुसऱ्यांदा दिसत होते. माझ्या वहीत त्याची पहिली नोंद आधीपासूनच होती, बरोबर वेळेनिशी, पाच ओळी वर.